चित्र हलतच नाही म्हणे!

आमच्या मावसभावाने, म्हणजे दादाने, गेल्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर एक मेसेज ढकलला. शेकडो हातांतून फिरून आलेला. मजकूर थोडक्यात असा: ॲनिमे म्हणजे जपानची ती मोठ्या डोळ्यांची, लहान मुलांची कार्टून. सगळ्या मालिका एकाच साच्यातल्या, किंचाळणं आणि मारामारी. त्यातही पैसे वाचवायला अर्धा वेळ चित्र हलतच नाही. ज्या नव्या मालिकांची एवढी वाहवा चाललीय, त्यांत तर काही घडतच नाही. आणि शेवटी नेहमीचं: आपल्या माणसाला त्यात काय आहे?

खाली दादाचा अंगठा. गेल्या काही महिन्यांत मी रात्री जागून ‘फ्रीरेन’, ‘व्हिनलँड सागा’चा दुसरा सीझन आणि ‘ॲपोथेकरी डायरीज’ संपवल्यात, त्यामुळे गप्प बसवेना.

‘लहान मुलांचं’ हा मुद्दा आधी उरकून टाकू. यातल्या बऱ्याच मालिका मुळात जपानी नियतकालिकांत छापल्या जाणाऱ्या चित्रकथा असतात, आणि तिथे नियतकालिकावरून वाचक ठरतो. मुलग्यांसाठीचं ते शोनेन, मुलींसाठीचं शोजो, मोठ्या पुरुषांसाठीचं सेइनेन, मोठ्या बायकांसाठीचं जोसेई. आता गंमत बघा. आपल्याकडे हिंदीत डब होऊन ज्याने एका पिढीच्या आयांना वैताग आणला तो शिनचॅन १९९० साली ‘वीकली मांगा ॲक्शन’मध्ये सुरू झाला, म्हणजे मोठ्यांच्या साप्ताहिकात. त्याचे वात्रट विनोद मोठ्यांसाठीच होते, आपण ते शाळेतून आलेल्या पोरांपुढे वाढले. उलट ‘फ्रीरेन’ ही म्हातारपणाची आणि राहून गेलेल्या गोष्टींची कथा २०२० पासून ‘शोनेन संडे’त येते, म्हणजे कागदोपत्री ती मुलांची. लेबल वाचून आत काय आहे ते कळतं, असं समजणाऱ्याने या दोन डब्यांची झाकणं उघडून बघावीत.

एकच साचा? थोडं मान्य. ट्रकखाली येऊन मेलेला मुलगा दुसऱ्या जगात डोळे उघडतो आणि तिथे सगळ्यांत भारी ठरतो, या पद्धतीच्या मालिकांचा, ज्यांना इसेकाई म्हणतात, दर तीन महिन्यांनी एक नवा घाणा निघतो. मीही दोन-तीन अर्ध्यात टाकल्यात. पोरींना उगाच तोकड्या कपड्यांत फिरवणाऱ्याही पुष्कळ आहेत, त्यांची वकिली मी करणार नाही. पण ‘ॲपोथेकरी डायरीज’ची नायिका माओमाओ कशी आहे? जुन्या चीनसारख्या एका काल्पनिक राज्याच्या जनानखान्यात राबणारी, औषधं आणि विषं यांचं वेड असलेली मुलगी. तिची पहिलीच कामगिरी म्हणजे राजाच्या बायकांची तान्ही बाळं का दगावतायत ते ओळखणं. कारण निघतं चेहऱ्याला फासायची पांढरी पावडर. शाप वगैरे काही नाही, प्रसाधनातलं विष. ती चिठ्ठी लिहून सावध करते आणि त्यातूनच अडकते, कारण मोलकरणीला लिहिता-वाचता येतं हे कुणाच्या तरी लक्षात येतं. किंचाळणं नाही, मारामारी नाही.

आता हलण्याचा मुद्दा. हा सगळ्यांत जास्त पसरलेला, आणि यात अर्धं खरं आहे म्हणून चिवट.

पडद्यावर एका सेकंदाला चोवीस चौकटी जातात. प्रत्येक चौकटीला नवं चित्र काढायचं तर सेकंदाला चोवीस चित्रं. एकेक चित्र दोन चौकटी धरलं तर बारा. तीन चौकटी धरलं तर आठ. जपानी चित्रकथाकार ओसामु तेझुकांनी १ जानेवारी १९६३ पासून ‘ॲस्ट्रो बॉय’ टीव्हीवर दर आठवड्याला आणायचं ठरवलं, तेव्हा माणसं, वेळ आणि पैसा तिन्ही तुटपुंजे होते. मग एक चित्र तीन चौकटी धरायचं, उडण्या-धावण्याची काढलेली चित्रं जपून ठेवून पुन्हा वापरायची, बोलताना चेहरा स्थिर ठेवून फक्त तोंड हलवायचं, अशा युक्त्या पक्क्या झाल्या. तोंडासाठीही मिटलेलं, अर्धं उघडं आणि पूर्ण उघडं एवढी तीन चित्रं पुरतात, कारण तिथे आवाज बहुधा चित्रांनंतर भरतात. तर हो, काटकसर होतीच. आजही खालच्या फळीतल्या चित्रकारांना चित्रामागे मोजून पैसे मिळतात आणि ते फार कमी असतात, ही त्या धंद्याची लाज आहे. मेसेज लिहिणाऱ्याला ती खुपली असती तर मी अंगठा दिला असता.

पण काटकसर करणारी गृहिणी आणि कंजूष गृहिणी यांत फरक असतो. पहिली वाचवते ते कुठेतरी खर्च करायला. ‘फ्रीरेन’च्या पंधराव्या भागात नायिकेचे तरुण सोबती फर्न आणि श्टार्क एका सरदाराच्या वाड्यातल्या समारंभात नाचतात. हा लढाईचा प्रसंग नाही, कथा त्यावाचून अडली नसती. तरी मॅडहाऊस या स्टुडिओच्या चित्रकारांनी तिथे हात सैल सोडलाय: झग्याचा घेर, वळताना पडणारं पाऊल, मान तिरकी होऊन परत सरळ होणं. त्याच मालिकेत दुसऱ्या ठिकाणी माणसं शेकोटीपाशी बसलेली असतात आणि कितीतरी वेळ फक्त केस वाऱ्याने हलतात. दोन्ही एकाच हिशेबातून आलंय. सगळंच सतत हललं असतं तर तो नाच डोळ्यांत भरला नसता.

‘काही घडतच नाही’ हे गाऱ्हाणंही इथेच येऊन मिळतं. ‘फ्रीरेन’ सुरू होते तेव्हा राक्षसराजाला मारून झालेलं आहे. दहा वर्षांची मोहीम संपवून चौघे घरी परततात, पन्नास वर्षांनी एकदा होणारा उल्कावर्षाव बघतात, पुढचाही एकत्र बघू म्हणतात. त्यांतली फ्रीरेन एल्फ, म्हणजे माणसांहून कितीतरी जास्त जगणाऱ्या जमातीतली, हजार वर्षं केव्हाच ओलांडलेली. मधली पन्नास वर्षं मालिका चुटकीसरशी उडवते, कारण तिला ती तेवढीच वाटतात. परत येते तर चौघांतला वीर हिम्मेल टक्कल पडलेला, ठेंगणा म्हातारा झालेला. उल्का दिसतात. मग त्याचा अंत्यविधी, आणि तिथे तिला रडू कोसळतं: माणसाचं आयुष्य एवढंसं असतं हे ठाऊक असून मी याला ओळखून का घेतलं नाही? जपानी टीव्हीवर २९ सप्टेंबर २०२३ ला पहिले चार भाग सलग दोन तास दाखवले, ते बरं केलं. एकेक करून आले असते तर कित्येकांनी घाई केली असती.

पुढे पडद्यावर काळ मोजला जातो तो ‘हिम्मेलच्या मृत्यूनंतर इतकी वर्षं’ असा. शके-सनावळी नाही, एका माणसाचं जाणं हाच आरंभबिंदू. दुसऱ्या भागात ती हिम्मेलच्या पुतळ्याभोवती लावायला त्याच्या गावचं एक फूल शोधते. त्या मुलखातून ते केव्हाच नाहीसं झालंय. महिनोन्महिने जातात, सोबतची फर्न वैतागते. घडलं काय म्हणाल तर एक फूल शोधलं. बसून बघा आणि मग सांगा.

‘व्हिनलँड सागा’ तर पहिल्या सीझनमध्ये रक्ताने माखलेली होती. बापाचा सूड घ्यायला निघालेला थोरफिन दुसऱ्या सीझनमध्ये डेन्मार्कमधल्या एका शेतावर गुलाम आहे. चोवीस भाग, आणि त्यातले कितीतरी जंगल तोडून जमीन करण्यात जातात. खोडं उपटायची तर घोडा हवा, घोडा हवा तर शेजारच्या म्हाताऱ्याच्या शेतात राबायचं. गहू उगवतो, तर मालकाची माणसं जळून कोवळी रोपं उपटून टाकतात. बांधावरून डोकी फुटताना ज्याने पाहिलीत त्याला हे परकं वाटणार नाही. शेवटाकडे हाच थोरफिन शंभर ठोसे खातो, एकही परत मारत नाही, आणि म्हणतो की मला शत्रू नाहीत. (सांगून टाकलं, माफ करा. पण तो प्रसंग कळल्याने बिघडत नाही.) मारामारीची मालिका बघायला बसलेल्यांचा या सीझनवर राग आहे, तो मी समजू शकतो. पटत नाही.

उरलं ‘आपल्या माणसाला काय’. नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनसमोर ज्या मोगलीसाठी आपण अंघोळी टाळत होतो, तो जपानच्या निप्पॉन ॲनिमेशनने १९८९ साली बनवलेला होता. जपानचे युगो साको आणि आपले राम मोहन यांनी मिळून केलेलं ॲनिमेशनमधलं रामायण २०२५ च्या जानेवारीत आपल्याकडच्या थिएटरांत लागलं तेव्हा दादाच मुलांना घेऊन गेला होता. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की हेही ॲनिमेच.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं नाही, त्याला फोन केला. ‘फ्रीरेन’चे पहिले चार भाग बघ म्हटलं. परवा रात्री साडेअकराला त्याचाच फोन. दुसऱ्या भागाच्या मध्यावर थांबलोय म्हणाला, वहिनी झोपलीय, आवाज कमी केलाय.

“ते फूल सापडतं का रे?”

“बघ की पुढे,” मी म्हटलं.