गाव नमुना बावीस

तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या सणाच्या दिवशी दुपारी मला माझा बैल सापडला नाही, त्याऐवजी चार रुपये मिळाले. ते चार रुपये अजून देवळीत कुंकवाच्या करंड्याशेजारी पडून आहेत. ते खर्च करायला हात होत नाही आणि परत करायचे तर ते कोणत्या खात्यावर करावेत, हा वाद अद्याप मिटलेला नाही.

बैल म्हणजे आरपार कापलेल्या नक्षीचा, तळहाताएवढा प्लॅस्टिकचा छापा. भरदार वशिंड, शिंगांना गोंडे आणि शेपटीपाशी एकदा तुटल्यामुळे लावलेली सेलोटेपची पट्टी. आमच्या गल्लीतली पोरे आपल्या लाकडी बैलांच्या झुली घेऊन दरवर्षी माझ्याकडे येतात आणि मी स्पंजाने प्रत्येक झुलीवर तो बैल उमटवून देते. बैलाच्या पाठीवर पुन्हा बैल कशाला, असा प्रश्न आमच्या यांनी एकदा विचारला होता. पोरांना तो आजवर पडलेला नाही. यंदाही ११ पोरे ओसरीवर बसली होती, संध्याकाळी घरोघर बोजारा, म्हणजे सणाची खुशाली, मागायला निघायचे म्हणून त्यांची चुळबुळ चालली होती, आणि मी घरभर बैल शोधत फिरत होते. तो हरवला असता तर मी हळहळून गप्प बसले असते. परंतु तो हरवला नव्हता. तो व्यवस्थित लावून ठेवल्यामुळे गेला होता.

माझ्याकडे असे १४०च्या आसपास छापे आहेत. उशांचे अभ्रे, कापडी पिशव्या, तोरणे आणि शाळेच्या भिंती यांवर मी ते वापरते. मी त्यांना स्टेन्सिल म्हणते, सासूबाई जाळ्या म्हणतात आणि आमचे हे 'तो पसारा' म्हणतात. ज्याने हे काम केलेले नाही त्याला वाटते की इतक्या पातळ वस्तूला जागा ती किती लागणार. वास्तविक पातळपणा हीच यातली अडचण आहे. छापा उभा ठेवला की वाकतो, वाकला की त्याची कड कापडावर नीट बसत नाही आणि उचललेल्या कडेखालून रंग आत शिरून मोराचा बदक होतो. म्हणून तो सपाट ठेवावा लागतो, आणि आमच्या घरात सपाट जागा एकच होती, ती म्हणजे सासूबाईंची गादी. पहिल्या रात्री त्यांनी कूस बदलली तेव्हा खालून कडकड आवाज आला. तीन रात्री त्यांनी उंदीर समजून काठी आपटली आणि चौथ्या सकाळी गादी उचलून पाहिल्यावर जे बोलल्या ते उंदराला बोलल्या नव्हत्या.

त्यानंतर मी ते छापे चिमट्यांनी हॅंगरला लावून मागच्या टिनाच्या खोलीत टांगले. वैशाखात बाहेर ४५ अंश झाले तेव्हा त्या टिनाखाली माझ्या वेलबुट्टीच्या कडा पापडासारख्या वळल्या. मग लग्नाचा अल्बम रिकामा केला, कारण त्याच्या प्लॅस्टिकच्या कप्प्यांत छापे अगदी बेताचे बसत होते. (लग्नाचे फोटो आता बिस्किटाच्या डब्यात आहेत आणि तिथे ते सुखी आहेत.) पण कप्प्यातून बाहेर ओढताना छाप्यातले नाजूक पूल, म्हणजे नक्षीचे तुकडे जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या त्या बारीक पट्ट्या, कडेला अडकून तुटत. प्रत्येक छाप्यामागे जाड कार्डशीट घालून दोन्ही एकदम बाहेर काढायचे, ही युक्ती मला दोन मोरांचे तुरे गमावल्यानंतर सुचली. राहता राहिले ते पाठीला चिकटपणा असलेले छापे. त्यांना उघडे ठेवले की हवेतले सगळे अंगाला लावून घेतात, आणि कापसाच्या घरात हवेत काय असते ते मी सांगायला नको.

कापसाचा विषय निघालाच आहे, तर सांगते. दिवाळीनंतर कापूस घरी येतो, बैठकीच्या खोलीत आढ्यापर्यंत चढतो आणि भाव येईपर्यंत आम्ही चार माणसे स्वयंपाकघरात जेवतो आणि तिथेच पथारी टाकतो. पावसाळ्यात त्याच खोलीत खताची पोती आणि फवारणीचे पंप असतात. त्याबद्दल मला कधी कोणी विचारले नाही आणि मीही कधी तोंड उघडले नाही. मी एका लाकडी खोक्याएवढी जागा मागितली तेव्हा मात्र घरात बैठक बसली, आणि त्या बैठकीला शेजारचे काकाजी हजर होते.

काकाजींनी ३१ वर्षे तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात काढली. ते निवृत्त झाले, पण कक्ष त्यांच्यातून निवृत्त झालेला नाही. त्यांच्या घरी लोणच्याच्या बरण्यांना आवक क्रमांक आहेत. जुने दप्तर ज्या लाल कापडात बांधत त्याचा एक तुकडा त्यांच्या खांद्यावर सदैव असतो. घाम पुसायलाही तोच आणि पिशवी बांधायलाही तोच. माझे छापे ओसरीवर पसरलेले त्यांनी पाहिले, चष्मा वर केला आणि निदान केले.

"सूनबाई, तुमच्या इथं सामान जास्त नाही जी. वर्गीकरण नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला ते आले. साडेनऊला, कारण दहाची कचेरी आणि अर्धा तास पूर्वतयारीचा. त्यांनी बारदानाचे सहा तुकडे ओसरीवर ओळीने अंथरले आणि मला सहा गठ्ठा पद्धत समजावून सांगितली. पहिला गठ्ठा चालू प्रकरणांचा, दुसरा प्रतीक्षाधीन, तिसरा नियतकालिकांचा, चौथा स्थायी आदेशांचा, पाचवा अभिलेख कक्षात पाठवायच्या कागदांचा आणि सहावा नष्ट करायच्या कागदांचा. मी हसले, आणि तिथेच माझी चूक झाली. हसण्याला त्यांनी मान्यता समजले.

अर्ध्या तासात मला हसू येईनासे झाले, कारण ते जे करत होते त्यात एक भयंकर शिस्त होती. स्वस्तिक, शुभ-लाभ आणि लक्ष्मीची पावले त्यांनी स्थायी आदेशांत टाकली, कारण त्यांत बदल संभवत नाही. गणपती, पणत्या आणि संक्रांतीचे हलव्याचे दागिने नियतकालिकांत गेले, कारण ते ठरलेल्या तारखेला सादर करावे लागतात. अर्धवट कापलेला एक हत्ती प्रतीक्षाधीन ठरला. मला मनातून मान्य करावे लागले की इतकी सरळ वाटणी मला पाच वर्षांत सुचली नव्हती, आणि या मान्यतेचा राग मला आजही जास्त आहे.

मग त्यांच्या हाती तो मोर आला. नवीन शीट विकत घ्यायला लागू नये म्हणून मी जुन्या एक्स-रेच्या फिल्मवर छापे कापते. फिल्म चिवट असते, भिजत नाही आणि ब्लेड तिच्यावर लोण्यासारखे चालते. ब्लीचिंगच्या पाण्यात घासून वरचा काळा थर काढला की ती काचेसारखी स्वच्छ निघते; या मोराच्या वेळी मी तेवढा आळस केला होता. काकाजींनी मोर उन्हात धरला आणि बराच वेळ पाहिला.

"हा गुडघा कोणाचा होय?"

"आईंचा. पडल्या होत्या तेव्हाचा."

"मंग हा मोर नाही जी. हा वैद्यकीय पुरावा होय." त्यांचा स्वर एकदम खाली आला. "याले ब वर्ग. अ वर्ग कायम, ब वर्ग ३० वर्षं. याले हात नाही लावता येत तुम्हाले."

"३० वर्षं मी राहिली तं पाह्यजे ना!" सासूबाई आतून म्हणाल्या.

"माणसाचा संबंध नाही, वहिनी. कागद राह्यला पाह्यजे."

अशा रीतीने माझा सर्वांत जास्त खपणारा मोर लाल कापडात बांधला गेला. मी चहा ठेवायला आत गेले, आणि आता वाटते की त्या दिवशी आमच्या घरात चहा झाला नसता तर बरे झाले असते. बाहेर आले तेव्हा काकाजींच्या हातात ब्लेड होते आणि समोर 'सुस्वागतम्' होते.

इथे थोडे समजावून सांगणे भाग आहे. मराठी अक्षर कापणे सोपे काम नाही. 'व'च्या पोटातला तुकडा मोकळा सुटला तर तो गळून पडतो आणि छापल्यावर 'व'चा नुसता गोळा उमटतो. म्हणून तो तुकडा धरून ठेवायला दोन बारीक पट्ट्या सोडाव्या लागतात. शिरोरेषेचे तर आणखी अवघड. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग कापली तर खालची सगळी अक्षरे जिभेसारखी लोंबू लागतात, म्हणून ती मधून मधून तोडूनच ठेवावी लागते. काकाजींना ते अशुद्धलेखन वाटले. सहा शब्दांच्या टिपणीवर साहेबांचे तीन शेरे सोसलेला माणूस तुटकी शिरोरेषा पाहून स्वस्थ बसणे शक्य नव्हते. त्यांनी ती पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सलग केली, छापा उचलून माझ्यापुढे धरला, आणि शाळेच्या स्नेहसंमेलनापासून सरपंचांच्या मुलीच्या लग्नापर्यंत गावाने पाहिलेले ते 'सुस्वागतम्' त्यांच्या बोटांतून खाली लोंबले.

"आता बरोबर दिसते," ते म्हणाले.

त्या धक्क्यात सहावे बारदान रिकामे आहे याकडे माझे लक्ष गेले नाही. ड वर्गाची, म्हणजे नष्ट करायच्या गठ्ठ्याची, विल्हेवाट लावली असे ते म्हणाल्याचे आठवते. मी समजले की कात्रणे टाकली असतील. गल्लीतून भंगारवाल्याची सायकल नुकतीच गेली होती, हे सुद्धा मला नंतर जुळले.

माझे वडील हिंगणघाटला एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये होते. दाबून बांधलेल्या कापसाच्या १७० किलोच्या गाठीवर नंबर आणि मार्का काळ्या रंगाने टाकायचे काम त्यांच्याकडे होते, आणि त्याचे छापे पत्र्याचे असत, एकेक अंक सुटा. ते सगळे एका तारेत ओवून एका खिळ्याला टांगलेले असायचे. वर्गवारी नाही, गठ्ठे नाहीत, कप्पे नाहीत. बाबा पाहत नसत, नुसता हात वर नेत आणि सात हवा असेल तर सात हातात येई. मी लहानपणी हे जादूचे काम समजत असे. आज कळते की त्या खिळ्याला त्यांच्याखेरीज दुसरे कोणी हात लावत नव्हते, एवढीच त्यातली जादू होती. माझ्या घरात मात्र गॅसच्या टाकीवाल्यापासून पाहुण्यांपर्यंत प्रत्येकाला माझे छापे कुठे ठेवावेत याचे मत आहे. आमचे हे फवारणीचा पंप उंबऱ्यात ठेवतात, त्यावर कोणी सूचना केल्याचे मला आठवत नाही.

असो. तान्ह्या पोळ्याला सकाळी गावातली इडापिडा घालवायला 'घेऊन जा गे मारबत' अशा आरोळ्या गेल्या, तेव्हा माझा काकाजींवर राग नव्हता. दुपारी नियतकालिकांचा गठ्ठा सोडला, त्यात गणपती होता, पणत्या होत्या, बैल नव्हता. पोरांदेखत मी कुंपणापाशी जाऊन विचारले. काकाजी आत गेले आणि एक वही घेऊन आले. पहिल्या पानावर वळणदार अक्षरात लिहिले होते: 'गाव नमुना २२'. तलाठ्याच्या दप्तरात गाव नमुने २१ असतात, त्यातले सातवा आणि बारावा मिळून आपला सातबारा होतो, हे मला माहीत होते. पण २१ नंतर माझा क्रमांक लागेल अशी कल्पना नव्हती. आत नष्ट केलेल्या अभिलेखांची यादी होती. अनुक्रमांक ३: जनावर, १ नग, शेपूट नादुरुस्त.

"काकाजी, बैल वर्षातून एकदा लागतो. तुमच्याच हिशेबाने तो नियतकालिक झाला."

"झाला ना जी. पण फाटका होता. फाटका कागद पुढं पाठवला की वरतून शेरा येते." मग त्यांनी खिशातून चार रुपये काढले. "भंगाराचे आले. जमा दाखवा आणि इथं सही करा."

मी चार रुपये घेतले, कारण ११ पोरे पाहत होती आणि भांडायला वेळ नव्हता. सही केली नाही. ओसरीवर येऊन ११ झुलींवर ११ बैल हाताने काढले. पहिले चार बरे आले, पुढच्यांची शिंगे घाईत लहान होत गेली. माझ्या मुलाची झूल शेवटी होती. त्याने ती बराच वेळ पाहिली आणि म्हणाला, "आई, हे बकरी दिसते." संध्याकाळी पोरे बोजारा मागत काकाजींच्या दारी गेली तेव्हा त्यांनी प्रत्येकाला पाच-पाच रुपये दिले आणि यंदा शेळ्या फार सुंदर आहेत असे सांगितले.

आता ते रोज सकाळी साडेनऊला कुंपणापाशी येतात.

"सूनबाई, सही राह्यली जी."

"दुसऱ्या गठ्ठ्यात आहे, काकाजी."

ते मान डोलावतात, वहीत काहीतरी टिपून घेतात आणि परत जातात. प्रतीक्षाधीन प्रकरणाबद्दल त्यांना तक्रार करता येत नाही.