पाणी उकळलं की हायड्रोजन सुटत नाही हो!

'बंध समजला की गुणधर्म पाठ' नावाचा फॉरवर्ड सगळीकडे फिरतोय. भाचीने तो परीक्षेच्या वहीत जसाच्या तसा उतरवून घेतला, म्हणून हे लिहिणं भाग पडलं.

दावा पहिला, सहसंयुज म्हणजे अणूंनी इलेक्ट्रॉन वाटून घेऊन जुळवलेल्या बंधांबद्दल: 'सहसंयुज बंध कमजोर, उष्णतेने लगेच तुटतात, म्हणून ही संयुगं कमी तापमानाला उकळतात. पाण्यातले बुडबुडे म्हणजे सुटलेला हायड्रोजन आणि ऑक्सिजन.'

कपाळाला हात लावायचा बाकी! असं असतं तर शेगडीवरच्या प्रत्येक आधणाचा भडका उडाला असता. उकळत्या पाण्यावर, हात सांभाळून, गार ताटली धरा. खालून थेंब जमतात ते पाण्याचेच. हायड्रोजनचे थेंब हवे असतील तर उणे २५३ अंश सेल्सिअसपर्यंत जावं लागेल. एवढ्यावर पटत नसेल तर सीआरसीचं हँडबुक, म्हणजे रसायन-भौतिकीच्या आकड्यांचा संदर्भग्रंथ, उघडा. एक मोल (सुमारे १८ ग्रॅम) पाण्याची १०० अंशांना वाफ करायला सुमारे ४०.७ किलोज्यूल लागतात. त्या रेणूंमधले ऑक्सिजन-हायड्रोजनचे दोन्ही (ओ-एच) बंध तोडायचे तर ९००हून जास्त. उकळताना सुटते ती रेणूंची एकमेकांवरची पकड, रेणू आतून शाबूत राहतो. पाण्याचाच भाऊबंद हायड्रोजन सल्फाइड उणे ६० अंशांच्या आसपास उकळतो, कारण पाण्यासारखे भक्कम हायड्रोजन बंध, म्हणजे एका रेणूच्या हायड्रोजनची शेजारच्या रेणूवरची पकड, त्याच्या रेणूंमध्ये नसतात. आणि जिथे वितळताना खरोखर सहसंयुज बंधच तोडावे लागतात, तिथे काय होतं? सिलिकाला, म्हणजे वाळूतल्या मुख्य घटकाला, १७०० अंशांच्या आसपास तापवावं लागतं. आयनिक, म्हणजे विद्युतभारित कणांचं (आयनांचं) बनलेलं मीठ ८०१ला वितळून मोकळं होतं. कमजोर कोण मग?

दावा दुसरा: 'आयनिक संयुगांचा द्रवणांक नेहमी उच्च.' बरं, बहुतेकदा खरं आहे, तेवढं मान्य. पण 'नेहमी' कशाला? इथिलअमोनियम नायट्रेट हा आयनिक क्षार १२ अंशांनाच वितळतो, आणि रसायनशास्त्रज्ञ पॉल वाल्डेन यांनी ते १९१४ सालीच नोंदवून ठेवलंय.

दावा तिसरा: 'आयनिक ते पाण्यात विरघळतं, सहसंयुज नाही.' आयनिक सिल्व्हर क्लोराइड विरघळवून दाखवा. सहसंयुज असून विरघळणाऱ्या साखरेचं काय करायचं तेही सांगा.

दावा चौथा: 'आयनिक असेल तरच वीज वाहते.' घन मिठातून वाहत नाही, कारण आयन जागचे हलत नाहीत. वितळवा किंवा पाण्यात टाका, मग वाहते. ग्रॅफाइट मात्र सहसंयुज असून घन अवस्थेतच वाहक. हायड्रोजन क्लोराइड वायूसुद्धा सहसंयुज, पण पाण्यात शिरला की आयन मोकळे होतात आणि ते आम्ल झकास वीज वाहतं. चौथा दावा तिथेच निकालात निघाला.