तापलेल्या घोड्याला गार पाणी का नको?

स्पर्धांचा हंगाम आला की घोडेस्वारांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक निरोप फिरू लागतो. 'इव्हेंटिंगमध्ये शेवटच्या दिवसापर्यंत घोडा धड ठेवायचा असेल तर...' अशी सुरुवात, मग चार सूचना, आणि खाली 'जुन्या मोतद्दारांचा अनुभव' असा शिक्का. इव्हेंटिंग म्हणजे एकाच घोड्यानिशी काही दिवस चालणारी स्पर्धा: आधी कवायत, मग क्रॉस-कंट्री, म्हणजे माळरानावर अडथळे ओलांडत लांब दौड, आणि शेवटी शो-जंपिंग, म्हणजे मैदानातल्या उड्या. खरारा कसा करायचा हे मी घोडे सांभाळणाऱ्या मोतद्दारांकडूनच शिकलो, त्यामुळे आदर आहेच. पण या चारांतल्या तीन सूचना घोड्याच्या मुळावर येणाऱ्या आहेत.

'घामाने निथळणाऱ्या घोड्यावर गार पाणी ओतू नका, पुठ्ठ्यांवर (मागच्या मांसल भागावर) तर मुळीच नको, स्नायू आखडतात.'

घोड्याचं तापमान एरवी ३८ अंशांच्या आसपास असतं. क्रॉस-कंट्री धावून आल्यावर ते ४० च्या वर, कधी ४१ च्याही पुढे गेलेलं असतं. स्नायूंनी वापरलेल्या ऊर्जेचा तीन चतुर्थांश भाग तरी उष्णता होऊन बाहेर पडतो आणि ही भट्टी पेटलेली असते ती मुख्यतः पुठ्ठ्यांत. तेवढीच जागा कोरडी ठेवायची, हा कुठला न्याय?

१९९२ मध्ये बार्सिलोनात क्रॉस-कंट्रीनंतर घोड्यांची झालेली दमछाक जगाने पाहिली होती. पुढचं ऑलिंपिक १९९६ चं, अटलांटाच्या दमट उन्हाळ्यात. दमट हवेत घाम वाळत नाही, हे मुंबईकराला सांगायला नको. म्हणून त्याआधी घोड्यांना उष्ण, दमट हवेत पळवून, अंगभर गार पाणी ओतून मुद्दाम अभ्यास झाला. घोडे लवकर निवले. स्नायूंना इजा झाल्याचं दिसलं नाही.

आपल्या जवळचा दाखला टोकियो ऑलिंपिकचा. १ ऑगस्ट २०२१ ला क्रॉस-कंट्री सकाळी लवकर घेतली, तरी उकाडा होताच. घोड्यांसाठी बर्फाचं पाणी आणि तुषार उडवणारे पंखे तयार होते. भारताचा घोडेस्वार फवाद मिर्झा, त्याचा घोडा सिन्योर मेडिकॉट दुसऱ्या दिवशी शो-जंपिंगची पहिली फेरी करून अंतिम फेरीतही उतरला आणि फवाद २३ वा आला. गार पाण्याने स्नायू आखडत असते, तर त्या संध्याकाळी मैदानात घोडे दिसलेच नसते.

आणखी एक. अंगावरचं पाणी निपटत बसू नका, त्यात वेळ जातो. ओतत राहा. ओल्या अंगावर घोंगडी तर नकोच.

'तासभर पाणी दाखवू नका, पोटशूळ उठेल.'

माणसाचा घाम रक्तापेक्षा कमी खारट असतो, घोड्याचा जास्त. घामाबरोबर मीठही भरपूर गेल्यामुळे रक्तातला खारटपणा फारसा वाढत नाही आणि घोड्याला हवी तेवढी तहान लागत नाही. धावून आल्या आल्या तो बादलीत तोंड घालत असेल, तर तीच वेळ साधायची. तासाभराने तो मान फिरवील, आणि उष्ण हवेत तर त्याच्या अंगातून तासाला १० लिटरहून जास्त घाम गेलेला असू शकतो. पोटशूळ उठायचा तो या कोरडेपणाने, आतड्यात चारा अडकून. पाणी बर्फासारखं नको, २० अंशांच्या आसपासचं घोडे जास्त पितात. गेलेलं मीठ खाण्यातून भरून द्यायचं.

'चंदी (दाणा) लगेच देऊ नका.' हे मात्र बरोबर. श्वास आणि नाडी जागेवर येऊ दे. तोवर मूठभर ओला चारा पुरे.

'पाय गरम लागला तर रात्री वेदनाशामक टोचा, सकाळच्या तपासणीत घोडा सरळ चालेल.'

मला सर्वात चीड येते ती या सूचनेची. शो-जंपिंगआधी पंच आणि पशुवैद्य घोड्याला हाताने धरून दुडक्या चालीत पळवायला लावून बघतात, ते लंगडणारा घोडा उड्यांवर जाऊ नये म्हणून. फिनाइलब्युटाझोन हे वेदनाशामक टोचलं की दुखणं झाकतं, कंडरेची (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीची) इजा तशीच राहते. शिवाय आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या काळात हे औषध चालतच नाही. भरधाव पळताना पुढच्या पायाच्या कंडरेचा गाभा ४५ अंशांपर्यंत तापतो. म्हणून क्रॉस-कंट्रीनंतर पाय बर्फाच्या पाण्यात वीसेक मिनिटं ठेवायचे, आणि मधून मधून घोडा हाताने धरून फिरवायचा. मग निजण्याआधी दोन्ही पुढच्या पायांवर एकाच वेळी हात फिरवून बघायचं. माझ्या घोडीचा डावा पाय एकदा असाच जास्त गरम लागला. पशुवैद्याला उठवलं, आणि सकाळी तपासणीला न जाता नाव मागे घेतलं.