तळहाताएवढं जाळं

भाचीच्या वास्तुशांतीहून आत्ताच घरी आले. साडीही न बदलता लिहायला बसलेय, कारण डोकं अजून शांत झालेलं नाही.

भेट म्हणून वारली चित्र नेलं होतं. गेरूने सारवलेलं कापड, त्यावर पांढऱ्या रंगात तारपा नाच (तारपा म्हणजे फुंकून वाजवायचं वाद्य). डहाणूकडच्या एका बाईंनी काढलेलं, त्यांच्याचकडून मागवलेलं. भाचीने वरचा कागद काढला आणि शेजारी बसलेले एक गृहस्थ म्हणाले, "छान आहे. पण हे ऑनलाइन साडेतीनशेला मिळतं की, फ्रेमसकट!" लगेच मोबाइल काढून सगळ्यांना दाखवलंसुद्धा.

मी तो फोटो नीट बघितला. नाचणारी सगळी माणसं अगदी एकसारखी. एकच माणूस काढायचा आणि कॉम्प्युटरवर गोल फिरवायचा, झालं काम. कडंही पूर्ण बंद. अहो, तारप्याचा फेर असा मिटलेला नसतो! तो उघडा असतो, चकलीसारखा आत वळत जातो आणि मध्ये तारपा वाजवणारा असतो. खाली मात्र ठसठशीत अक्षरांत "हँडमेड ट्रायबल आर्ट". कुणाचे हँड? एक नाव नाही, गाव नाही. वारली चित्रांना भौगोलिक मानांकन (जीआय) आहे, म्हणजे अस्सल वस्तूच त्या नावाने विकली जावी म्हणून दिलेली ओळख, तरी हा बाजार चालूच.

माझं चित्र काढणाऱ्या डहाणूच्या या बाई मला भेटल्या पाच-सहा वर्षांपूर्वी, एका प्रदर्शनात. चित्र आवडलं आणि सवयीने मी घासाघीस केली. भाजीवाल्याशी करतो तशीच. त्या काही बोलल्या नाहीत. नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि तीनशे रुपये कमी केले. मी खूश. बाहेर पाऊस सुरू झाला म्हणून तिथेच थांबले. त्या पुढचं चित्र काढत होत्या, मासे धरायचं जाळं. बांबूची काडी, टोक बारीक केलेलं. रंगात बुडवायची, दोन-तीन रेघा ओढायच्या, पुन्हा बुडवायची. मान खाली. पाऊस तासभर पडला. तासाभरात जाळं झालं होतं माझ्या तळहाताएवढं.

मी काही विचारलं नाही, त्यांनी काही ऐकवलं नाही. पण त्या तळहातावरून बाकीच्या चित्राचा हिशोब मनात आपोआप होत गेला आणि पर्समधल्या त्या तीनशे रुपयांची लाज वाटायला लागली.

तुम्हा मंडळींना हे पटवायची गरज नाही, माहीत आहे. हाताने केलेल्या कामाची किंमत कळणारीच माणसं माझ्या यादीत आहेत. पण आपणही चुकतो. मॉलमध्ये छापील किमतीवर निमूटपणे कार्ड घासतो आणि जिने स्वतः काढलंय ती समोर बसलेली असली की आपल्याला कंठ फुटतो, "काहीतरी कमी करा ना!"

कुणी म्हणेल, पूर्वी कुठे कुणी नाव लिहायचं? खरंय. सुवासिनी भिंतीवर लग्नाचा चौक काढायच्या, त्यात पालघट देवी असायची, लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणायची आणि सही कुणीच करत नसे. पण तेव्हा ते कुणी विकतही नव्हतं! तांदळाचं पीठ घरचं, भिंत घरची, लग्न घरचं. पुढे सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूच्या पाड्यांवर पोचले, चित्रं कागदावर आली, जिव्या सोमा म्हसे या वारली चित्रकाराचं नाव जगभर गेलं. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये ते गेले. त्यांनी काढलेली मासेमारीची जाळी बघा कधीतरी, नजर आत अडकून राहते. चित्र एकदा बाजारात आलं की त्याच्याबरोबर काढणाऱ्याचं नाव आणि पैसा दोन्ही जायला हवं. कुणीतरी फोटो काढून कुशनच्या खोळीवर छापणार, आणि जिचं जाळं आहे तिला पत्ताही नाही? ही चोरी आहे. मी दुसरा शब्द वापरणार नाही.

सगळ्यांना मूळ चित्र परवडत नाही, मान्य. काही संस्था कलाकारांपर्यंत पैसे नीट पोचवतात, तेही मान्य. पण आजचे गृहस्थ ज्या सोफ्यावर बसले होते, तसा सोफा घेणाऱ्यांनी परवडण्याबद्दल मला सांगू नये.

असो. चिडून किती लिहिणार.

आजचं चित्र मागवताना मी त्या बाईंना सांगितलेल्या रकमेपेक्षा तीनशे रुपये जास्त पाठवले होते. कारण लिहिलं नाही, लिहायचा धीर झाला नाही. त्याच संध्याकाळी तीनशे परत आले. पाठोपाठ फोन, "ताई, तुमच्याकडून चुकून जास्त आलेत." मला पुढे बोलताच येईना. हो हो म्हणाले आणि ठेवला.

आज निघताना भाची दारापर्यंत आली. तिने चित्र उलटं करून मागे पेन्सिलीने लिहिलेलं नाव वाचलं होतं. "मावशी, यांचा नंबर दे ना. बेडरूमच्या भिंतीसाठी मला जाळं हवंय." तिला म्हटलं, आधी त्यांना विचारते, मग देते. आणि एक सांगून ठेवलं, त्या जो आकडा सांगतील त्याला फक्त हो म्हणायचं.