‘ड्रीमर’ मुलांनी नेमकी कोणाची रांग मोडली?

अमेरिकेतील मराठी कुटुंबांत आणि त्यांच्या इथल्या नातेवाइकांत एक मजकूर वरचेवर फिरतो. ओबामा सरकारने २०१२ मध्ये ‘डाका’ योजना आणून लहानपणी बेकायदा आलेल्या लाखो जणांना, म्हणजे ‘ड्रीमर’ म्हणवल्या जाणाऱ्यांना, नागरिकत्व देऊन टाकले, ते सरकारी पैशावर शिकतात आणि नोकरीसाठीच्या एच-वन-बी व्हिसावर रीतसर गेलेल्या आपल्या माणसांच्या ग्रीन कार्डाच्या (कायम वास्तव्याच्या परवान्याच्या) जागा त्यांनीच बळकावल्या, असा त्याचा आशय. मराठी कानाला योजनेचे नावही दरोड्यासारखे लागते, हाही त्या मजकुराचा एक फायदाच.

नागरिकत्वाचा दावा साफ चुकीचा आहे. १५ जून २०१२ च्या आदेशाने ठरले ते इतकेच, की सोळाव्या वाढदिवसाआधी देशात आलेल्या, १५ जून २००७ पासून सलग तिथे राहणाऱ्या, आदेशाच्या दिवशी एकतीस वर्षे पूर्ण न झालेल्या आणि शिक्षणाच्या व गुन्ह्यांविषयीच्या अटींत बसणाऱ्या व्यक्तीची हकालपट्टी दोन वर्षांपुरती लांबणीवर टाकावी. सोबत कामाचा परवाना मिळतो आणि मुदत संपत आली की शुल्क भरून पुन्हा अर्ज करावा लागतो. त्यातून ग्रीन कार्ड तर मिळत नाहीच, पण कायदेशीर वास्तव्याचा दर्जाही मिळत नाही. तो देऊ पाहणारे ‘ड्रीम’ विधेयक २००१ पासून संसदेत येत राहिले. २०१० मध्ये कनिष्ठ सभागृहाने ते मंजूर केले, पण सिनेटमध्ये लागणाऱ्या ६० मतांऐवजी त्याला ५५ च मिळाली.

सरकारी पैशाविषयी बोलायचे, तर सरकारी शाळेचे दार या मुलांना सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच खुले केले होते. ‘डाका’चा त्याच्याशी संबंध नाही. महाविद्यालयासाठी केंद्राची शिष्यवृत्ती वा कर्ज त्यांना मिळत नाही. काही राज्ये स्थानिकांच्या दराने शुल्क आकारतात, एवढे मात्र खरे.

‘परत जा आणि रीतसर या’ हा सल्ला वाजवी वाटतो खरा, पण आईच्या कडेवर सीमा ओलांडलेल्या मुलासाठी बहुधा रांगच नसते. उलट, अठरा वर्षांचा झाल्यावर वर्षभर कागदपत्रांविना राहून तो देशाबाहेर पडला, तर १९९६ च्या कायद्याने त्याच्यावर दहा वर्षांची प्रवेशबंदी येते.

विरोधकांचा एक आक्षेप मात्र वजनदार आहे. संसदेने नाकारलेली गोष्ट सरकारने खात्याच्या आदेशाने केली, हे बरोबर आहे, आणि टेक्सासमधील संघीय न्यायालयाने २०२१ मध्ये योजना बेकायदा ठरवून नवे अर्ज मंजूर करण्यास मनाईही केली. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालाचा दाखला समर्थक उत्साहाने देतात. तो नीट वाचला तर योजना वैध आहे असे त्यात कुठेही म्हटलेले नाही, ट्रम्प सरकारने ती ज्या पद्धतीने गुंडाळली ती पद्धत मनमानी होती, एवढेच म्हटले आहे.

आता ग्रीन कार्डांच्या जागांबद्दल, कारण मजकुरातला खरा राग तिथे आहे आणि तो राग अनाठायी नाही. नोकरीच्या आधारे मिळणारी ग्रीन कार्डे वर्षाला साधारण १,४०,००० असतात, त्यांतच जोडीदार आणि मुलेही मोजली जातात, आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना सर्वसाधारणपणे ७ टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नाही. भारतीयांची रांग वर्षानुवर्षे लांबते ती या मर्यादेमुळे. ‘डाका’मध्ये ग्रीन कार्डच नसल्यामुळे या कोट्यातला एकही क्रमांक त्यापायी खर्च होत नाही.

या रांगेतल्या पालकांची मुले एच-फोर व्हिसावर (एच-वन-बीधारकांच्या जोडीदार-मुलांसाठीच्या) असतात आणि तो दर्जा एकविसाव्या वर्षी संपतो. ‘डाका’ त्यांच्या उपयोगाची नाही, कारण १५ जून २०१२ रोजी अर्जदाराकडे कायदेशीर दर्जा नसावा, हीच त्या योजनेची एक अट आहे. त्यामुळे त्या दिवशी एच-फोरवर असलेली, तिसऱ्या वर्षी पुण्याहून गेलेली मुलगी एकविशीत पोचते तेव्हा वडिलांचा ग्रीन कार्डाचा क्रमांक अजून लागलेला नसेल, तर तिला बहुधा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो किंवा देश सोडावा लागतो.