ओवी अर्धी, उपदेश पूर्ण

‘भक्ती या शब्दाचा खरा अर्थ, नव्वद टक्के हिंदूंना माहीत नाही’ हा फॉरवर्ड मी आजवर न वाचता पुसत आले. पण परवा माझ्या आत्याने भजनी मंडळात वर्गणीचा हिशेब विचारला, तर तिला उत्तर म्हणून हाच पाठवला गेला. तेव्हा आता बोलतेच.

दावा पहिला: भ म्हणजे भगवंत, क म्हणजे कर्म, ती म्हणजे तीर्थ. अहो, शब्द असे बनतात का? मग भ भजीचा, क कांद्याचा आणि ती तिखटाचा का नाही? धातू ‘भज्’, त्याला ‘क्तिन्’ प्रत्यय. भजन, भाग, विभाग सगळे त्याच धातूचे. भज् म्हणजे वाटून घेणे, वाटा घेणे, सेवा करणे, आश्रय घेणे.

दावा दुसरा, आणि संताप याचाच: ‘समर्थ सांगतात, भक्त म्हणिजे विभक्त नव्हे, म्हणून जो प्रश्न विचारतो तो विभक्त, तो भक्तच नाही.’ शब्द समर्थांचेच आहेत, मान्य. नववी भक्ती म्हणजे आत्मनिवेदन, स्वतःला देवाला वाहणं, हेही मान्य. पण दासबोध उघडा, चौथा दशक, नववा समास, सहावी ओवी. ‘भक्त म्हणिजे विभक्त नव्हे । आणी विभक्त म्हणिजे भक्त नव्हे ।’ आणि याच ओवीत पुढे काय? ‘विचारेंविण कांहींच नव्हे । समाधान ॥’ लगेच सातवी: ‘तस्मात् विचार करावा । देव कोण तो वोळखावा ।’ प्रत्यक्ष देव कोण याचासुद्धा विचार करा, असं समर्थ बजावतात, आणि यांना वर्गणीच्या वहीबद्दल विचारलेलं चालत नाही! ओवी नेमकी सोयीच्या जागी तोडली आहे. विभक्तपण आहे ते भक्त आणि देव यांच्यातलं. त्यात मंडळाचा खजिनदार कुठून आला? आणि गीतेचा भक्तियोग, बारावा अध्याय, सुरूच होतो अर्जुनाच्या प्रश्नाने.

‘या शब्दाचा उच्चार केला की रक्तदाब उतरतो’ यावर वेळ घालवत नाही.

शेवटचा दावा: भक्ती फक्त देवाचीच, देशभक्ती-मातृभक्ती ही इंग्रजी अमदानीतली भेसळ. व्याकरणकार पाणिनीचं ‘भक्तिः’ असं सूत्रच आहे (४.३.९५): ज्याची भक्ती, त्यावरून माणसाला नाव. पुढच्याच सूत्रावर काशिकेतली, म्हणजे पाणिनीवरच्या जुन्या टीकेतली, उदाहरणं पाहा: अपूपांची भक्ती असलेला तो आपूपिक, पायसाची असलेला पायसिक. अपूप म्हणजे पिठाचं पक्वान्न, पायस म्हणजे खीर. खिरीचीसुद्धा भक्ती चालते, तर देशाची आणि आईची भेसळ कशी?