गाडी वाळूवर नको, अंगणात लावा

डिसेंबर उजाडला की फीडवर तेच रील सुरू होतं. व्हॅनचा मागचा दरवाजा उघडा, पांढरीशुभ्र चादर, पिवळ्या लाइटच्या माळा, समोर थेट समुद्र आणि कुत्रा मोकळा सुटलेला, पक्ष्यांच्या थव्यात घुसतोय, सगळे पक्षी भुर्रकन उडतायत, वर स्लो मोशन. आणि खाली कुणीतरी मला टॅग करतं, "तुम्ही पण हेच करता ना ताई?" नाही हो, हे नाही करत. म्हणून एकदा सविस्तर लिहितेय, लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

आम्ही म्हणजे मी, नवरा आणि भुऱ्या. भुऱ्या गावठी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये जन्मलेला, आता जरा वय झालंय पण खोडी जात नाही. व्हॅन म्हणजे साधी मारुती ईको, मागे प्लायवूडच्या दोन पेट्या, वर गादी, सगळं उचलून बाहेर काढता येतं. बॉडी कापून, छप्पर उंच करून घेणारे भेटतात, करा बापडे, पण आधी आरटीओत विचारा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, परवानगीशिवाय गाडीच्या मूळ रचनेत बदल चालत नाही, आणि उद्या काही झालं तर इन्शुरन्सवाला पहिलं तेच काढून दाखवतो. व्हॅनचा नाद लागला तोही कुत्र्यामुळेच. पेट फ्रेंडली म्हणून बुक केलेल्या एका ठिकाणी दारात गेल्यावर सांगितलं, कुत्रा बाहेर बांधा. कोकणात रात्री कुत्रा बाहेर बांधा? बिबट्याला ताट वाढून ठेवायचं का? तिथल्या कुणालाही विचारा, वाडीतले कुत्रे कसे कमी होतात ते.

तर मुद्दा असा की व्हॅन समुद्राला खेटून लावायचा हा जो हट्ट आहे ना, तो सोडा. निदान हिवाळ्यात, निदान कुत्रा बरोबर असताना तरी.

हिवाळ्यातच का, तर हा ऑलिव्ह रिडले कासवांचा सीझन. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत माद्या रात्री वर येतात, हात-दीड हात खोल खड्डा करतात, शंभरेक अंडी घालतात, वाळू सारखी करतात आणि निघून जातात. कोकण किनाऱ्यावर वेळास, आंजर्ले, गुहागर, दिवेआगर, खाली वायंगणीपर्यंत. वेळासला 2002 मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रच्या लोकांनी हे काम सुरू केलं, आता बऱ्याच गावांत कासवमित्र आहेत. हे लोक पहाटे अंधारात किनारा चालत माग शोधतात, कारण उशीर झाला की कोल्हे आणि कुत्रे अंडी उकरतात. हो, कुत्रे. तुमचा गोंडस लॅब्रडॉर पण त्यातच आला, नाक आहे त्याला. आणि आपण काय करतो, त्याच वाळूवर गाडी घालतो. चाकांनी वाळू दाबली जाते, चाकोऱ्या पडतात, आणि पिल्लं बाहेर आली की त्या चाकोरीत अडकून बसतात. त्यात त्या लाइटच्या माळा! पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात, मोकळ्या किनाऱ्यावर रात्री समुद्राचं क्षितिज जास्त उजळ असतं म्हणून ती पाण्याकडे जातात. तुम्ही मागे माळ पेटवून ठेवली की ती तुमच्या व्हॅनकडे येणार. फोटो छान येईल, पिल्लू मरेल.

पक्ष्यांचंही तेच. कुरव, चिखले हे हजारो किलोमीटर उडून इथे थंडी काढायला येतात, वाळूवर बसतात ते शोभेला नाही, दमलेले असतात, खायचं असतं. कुत्रा चार वेळा अंगावर धावला की चार वेळा उडायचं. भुऱ्याला पण तीच हौस, त्याच्या डोळ्यात दिसते मला, म्हणून लांब दोरी. पंधरा-वीस फुटांची साधी नायलॉनची, बाजारातली. पळतो, खड्डे करतो, लाटांवर भुंकतो, सगळं दोरीत.

आणि दोरी त्याच्या जिवासाठी पण हवी हे कुणीच सांगत नाही. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढली की नको असलेले मासे तिथेच वाळूत टाकतात, त्यात केंड असतो, तो फुगणारा. विषारी आहे, कुत्र्याने खाल्ला तर जनावरांचा डॉक्टर गाठेपर्यंत वेळ मिळेलच असं नाही. मग सुकत घातलेली सुकट, बोंबील, जवळा. कोळणींनी पहाटेपासून पसरलेलं असतं आणि आमचे साहेब त्यावर पाय वर करायच्या तयारीत. ते कुणाचं तरी पोट आहे, त्यांनी शिव्या घातल्या तर ऐकून घ्यायच्या. जानेवारीत आंब्याच्या बागांत मोहरावर फवारणी चालू असते, तिकडेही कुत्रा सोडायचा नाही. समुद्राचं पाणी पिऊ द्यायचं नाही, नाहीतर रात्रभर व्हॅनमध्ये काय होतं ते लिहित नाही, लोक जेवत असतील. रोज रात्री टॉर्च घेऊन कानामागे, बोटांमध्ये गोचीड बघायचे. आणि हिवाळा हिवाळा म्हणून दुपारी त्याला बंद गाडीत ठेवून जेवायला जाऊ नका, रत्नागिरीत जानेवारीत पण दुपारी तीस-बत्तीस अंश असतं, आत किती होत असेल विचार करा.

मग गाडी लावायची कुठे? गावात. कुणाच्या तरी अंगणात. सरळ विचारायचं, काकू रात्रीपुरती गाडी लावू का, जेवण तुमच्याकडे, सकाळी आंघोळीला पाणी, पैसे किती ते सांगा. पैसे द्यायचेच, ओळख काढून फुकट नाही. 2021 मध्ये राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, कॅराव्हॅन पार्क वगैरे, चांगलंय, पण ती पार्कं दारोदारी होतील तेव्हा होतील, अंगणं आत्ता आहेत. आणि खरं सांगू का, मजा तिथेच आहे. दिवेआगरच्या अलीकडे एका घरी आम्हाला पोपटी मिळाली. मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला, वर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेलं चिकन, खडं मीठ, ओवा, परत पाला कोंबून तोंड बंद, मडकं उपडं करून भोवती गवत-काटक्यांचा जाळ. पाण्याचा थेंब नाही. मडक्यावर पाणी शिंपडून चर्र आवाज आला की झाली म्हणायची. शेंगा सोलताना बोटं भाजतात आणि कुणी थांबत नाही. भुऱ्याला मीठ-मसाला नको म्हणून आजींनी आधीच एक अंडं साधं उकडून बाजूला ठेवलं होतं, मी सांगितलं नव्हतं. हे वाळूवर बसून मॅगी खाणाऱ्याला कुठून मिळणार?

झोपही अंगणातच चांगली लागते. रात्री मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, खिडक्यांना जाळी लावून दोन बोटं उघड्या ठेवल्या की पहाटे गोधडी लागते. भुऱ्या आत, मध्ये, आडवा. नवरा कडेला, त्याची तक्रार चालू असते.

रस्त्याबद्दल फार विचारतात म्हणून थोडक्यात. वरून खाली येताना आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा फेरीबोटी, गाडी बोटीत घालायची. पूल होणार म्हणतात, झाले की वेळ वाचेल, पण भुऱ्याचं काय, त्याला खिडकीतून नाक बाहेर काढून खाडी ओलांडायला सगळ्यात जास्त आवडतं. बोटीवरचे लोक कधी कधी गाडी रिव्हर्समध्ये चढवायला लावतात, ते सांगतील तसं करायचं, शहाणपणा नको, त्यांनी आपल्यासारखे खूप पाहिलेत.

"एकदा गाडी वाळूवर घातली तर काय होतंय" म्हणणाऱ्यांना, दर सीझनला भरतीत अडकलेली एखादी एसयूव्ही ट्रॅक्टरने ओढतानाच्या बातम्या येतात त्या वाचा. ओली वाळू घट्ट दिसते, चाक रुतलं की कळतं. आणि ट्रॅक्टरवाला ज्या गावाचा, त्याच गावाची झोप आपण आदल्या रात्री स्पीकर लावून मोडलेली असते.

असो. यंदा कुणकेश्वर ते रेडी करायचंय, जानेवारीच्या शेवटी. आचरा, तोंडवळी, निवती, वेंगुर्ले पट्ट्यात कुणाचं खळं, म्हणजे अंगण, मोकळं असेल तर इनबॉक्समध्ये सांगा, गाडी छोटी आहे, जेवणाचे पैसे तुम्ही म्हणाल ते. मागे मालवणात एका काकांनी पहिला प्रश्न विचारला होता, "कुत्रो काय खाता?" तर आधीच सांगते, भात-मासे सगळं खातो, कोंबड्यांना काही करत नाही. मांजरीचं मात्र मी लिहून देणार नाही.